मागचं चाक त्याच जागी पुन्हा पुन्हा पंक्चर होतंय? ट्यूबआधी टायर तपासा

पावसाळा संपल्यापासून दोन महिन्यांत माझ्या गाडीचं मागचं चाक पाच वेळा बसलं. गाडी शंभर सीसीची, तारांच्या चाकांची. मागे २.७५-१८ चा टायर आणि आत ट्यूब. फलटणच्या बाजूने बारामती एमआयडीसीत रोजचं जाणं-येणं, दोन्ही मिळून साठेक किलोमीटर. साखर कारखाने सुरू झाले की या पट्ट्यात उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते, रस्त्याच्या कडेला वेडी बाभूळ आहेच. वर्षातून एखाद-दुसरं पंक्चर आम्ही धरूनच चालतो. पण पाच म्हणजे काहीतरी चुकत होतं.

पहिल्या वेळी ट्यूबला बारीक भोक सापडलं. टायरात खिळा वगैरे काही दिसलं नाही. दुकानदार म्हणाले, काटा असेल, पडून गेला. पॅच मारला, पुढे चालू. चौथ्या दिवशी सकाळी अंगणात चाक बसलेलं. दुसऱ्या दुकानात ट्यूब काढली तर नवं भोक, जुन्या पॅचपासून दीड बोटावर. पुन्हा पॅच. आठवडा गेला, पुन्हा तेच. या वेळी सल्ला मिळाला की ट्यूबच जुनी झालीय, नवीन टाका. टाकली. नवव्या दिवशी सेकंड शिफ्ट सुटल्यावर रात्री पावणेबाराला नवीन ट्यूब बसली आणि तीन किलोमीटर गाडी ढकलली. सोबत एक सहकारी होता, तो मागून धरायला होता म्हणून निभावलं. सकाळी नव्या ट्यूबलाही पॅच लागला.

पाचव्या वेळी एसटी स्टँडामागच्या एका म्हाताऱ्या चाचांकडे गेलो. त्यांनी चाक हातात घेतल्यावर पहिलं काम केलं ते आधीच्या चार वेळांत कुणीच केलं नव्हतं. व्हॉल्व्हच्या समोर टायरच्या बगलेवर खडूने रेघ मारली आणि चाकाच्या डाव्या अंगाला फुली केली. मग ट्यूब काढली, हवा भरली, घमेल्यात बुडवली, बुडबुडा सापडला. ट्यूब न उलटवता तशीच टायरवर धरली, व्हॉल्व्ह खडूच्या रेघेवर. भोक व्हॉल्व्हपासून वीतभर मागे येत होतं, मधोमध. त्याआधीचा पॅचही तिथेच. "दादा, भोक ट्यूबला दिसतंय, पण दुखणं टायरात हाय," म्हणाले.

मग त्यांनी कापसाचा बोळा घेतला आणि टायरच्या आतून त्या वीतभर जागेत हळूहळू फिरवला. एका ठिकाणी कापसाचा तंतू अडकला. मी तिथे बोट फिरवून पाहिलं, काहीच लागलं नाही. चाचांनी टायर दोन्ही हातांनी बाहेरच्या अंगाने मुडपला तेव्हा केसाएवढी चकचकीत तार आतून जेमतेम डोकावली. नोज प्लायरने ओढून काढली तर नखाएवढी लांब.

ती तार खिळ्याची नव्हती. ट्रक-बसच्या रेडियल टायरमध्ये पोलादी तारांचे पट्टे असतात. असा टायर फुटला की त्याच्या चिंध्या रस्त्यावर पडतात आणि त्यातल्या तारा सुट्या होऊन विखुरतात. आपल्या टायरात अशी तार शिरली की रबरात दडून बसते. टायरचा तो भाग जमिनीवर दबला की टोक आत येऊन ट्यूबला टोचतं, भार सरकला की पुन्हा मागे जातं. म्हणून उघड्या टायरात बोट फिरवून ती लागत नाही. ट्यूब दर वेळी थोडी मागेपुढे बसते, त्यामुळे भोकं एकमेकांशेजारी पडत राहतात, आणि आपल्याला वाटतं पॅच टिकत नाही.

त्यानंतर त्या जागी पंक्चर झालेलं नाही. माझे चार पंक्चरांचे पैसे, एक चांगली ट्यूब आणि दोन खाडे गेले ते त्या खडूच्या रेघेअभावी. म्हणून सगळं सविस्तर लिहितोय. तुमचं चाक महिन्यात दुसऱ्यांदा बसलं असेल तर दुकानात गेल्यावर आधी एवढं सांगा: व्हॉल्व्हसमोर टायरवर खूण करा, ट्यूब कोणत्या बाजूने निघाली ते लक्षात ठेवा आणि भोक मला दाखवा.

भोक कुठे आहे, कसं आहे

ट्यूबवरचं भोक बघून निम्मं निदान होतं. रस्त्याकडच्या अंगाला, म्हणजे ट्यूबच्या बाहेरच्या अंगाला (व्हॉल्व्ह असतो तो आतला, रिमकडचा अंग), बारीक टोचा असेल तर बाहेरून काहीतरी शिरलंय आणि ते अजून टायरात असू शकतं. वेड्या बाभळीचा काटा इथे फार फसवा. तो टायरात शिरून बाहेरच्या बाजूने मोडतो, वरून पाहिलं तर काळ्या रबरात काळा ठिपका. चाक पटकन बसत नाही. संध्याकाळी हवा ठीक, सकाळी निम्मी. असं होत असेल तर टायर पूर्ण उघडून आतून कापूस फिरवल्याशिवाय ट्यूब आत घालू देऊ नका. नुसतं बोट फिरवायचं असेल तर सांभाळून. तारेने बोट चांगलंच कापतं.

भोक आतल्या अंगाला, रिमकडच्या बाजूला असेल तर रस्त्याचा काही दोष नाही. तारांच्या चाकात प्रत्येक तारेचं (स्पोकचं) निपल, म्हणजे तार रिमला आवळून धरणारं बारीक नट, रिमच्या आत डोकावतं. ट्यूबला ते लागू नये म्हणून रिमवर रबरी पट्टी असते, रिम टेप. काही मेकॅनिक तिला फ्लॅप म्हणतात. वर्षानुवर्षं टायर उघडताना ही पट्टी सरकते, तुटते, आणि पुष्कळदा दुकानात तशीच राहून जाते. मग ट्यूब थेट निपलांवर घासते. अशा ट्यूबवर आतल्या अंगाला ठरावीक अंतराने गोल वळ उठलेले दिसतात आणि त्यातल्याच एखाद्या वळावर भोक असतं. चाकाच्या तारा नुकत्याच ओढून घेतल्या असतील, म्हणजे चाकाचा आऊट काढला असेल, तर एखाद्या तारेचं टोक निपलच्या बाहेर आलेलं असू शकतं. ते कानशीने घासून सपाट करावं लागतं आणि वर पट्टी नवीन लागते. पट्टी मिळत नसेल तर जुन्या ट्यूबची रुंद गोल पट्टी कापून चढवतात, तेही चालतं. रिम आतून गंजली असेल तर गंजाची खरखर ट्यूब खाते. पॉलिश पेपरने घासा, जमलं तर रंगाचा हात द्या, वाळू द्या, मगच ट्यूब.

शेजारी-शेजारी दोन चिरा दिसल्या, साप चावल्यासारख्या, तर ट्यूब रिम आणि खड्ड्याची कड यांच्यामध्ये चिमटली आहे. हवा कमी, मागे माणूस, कदाचित वर सिमेंटचं पोतं, आणि खड्डा. टायरात काही शोधू नका, सापडणार नाही. हवा नियमित बघायला लागा. याच जातीची पण एकेरी, छोटी चीर रिमच्या कडेच्या बाजूला असेल आणि पंक्चर काढून आल्यावर तासा-दोन तासांत चाक बसलं असेल, तर ती टायर चढवताना लोखंडी पट्टीने ट्यूब चिमटल्याची खूण आहे. शांतपणे दाखवा. चांगला कारागीर मान्य करतो आणि पुन्हा काढून देतो.

व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटलं असेल तर पॅचचा उपयोग नाही, ट्यूब बदलावीच लागते. पण कारण समजून घ्या, नाहीतर नवीन ट्यूबही तशीच फाटेल. हवा कमी असली की ब्रेक मारताना आणि पिकअप घेताना टायर रिमवर थोडा थोडा सरकतो, सोबत ट्यूब ओढली जाते, आणि व्हॉल्व्ह मात्र रिमच्या भोकात अडकलेला असतो. तुमच्या चाकाचा व्हॉल्व्ह आत्ता जाऊन बघा. तो सरळ केंद्राकडे बघत असेल तर ठीक. तिरका कललेला असेल तर ट्यूब सरकली आहे आणि फाटणं फक्त वेळेचा प्रश्न आहे. हवा सोडून, टायर सैल करून, व्हॉल्व्ह सरळ करून पुन्हा हवा भरून घ्या. व्हॉल्व्हच्या नटाबद्दलही सांगतो. तो रिमला पक्का आवळून टाकायची सवय सगळीकडे आहे. आवळला की सरकणारी ट्यूब थेट मुळाशी फाटते आणि व्हॉल्व्ह तिरका होऊन आधी इशारा द्यायचा तोही मिळत नाही. मी नट वर, टोपीच्या बाजूला घेऊन ठेवतो.

जुन्या पॅचच्या कडेने हवा जात असेल तर पॅच नीट चिकटला नव्हता. आणि ट्यूबवर घडीसारखी रेघ पडून तिथे चीर गेली असेल तर ट्यूब टायरच्या मापापेक्षा मोठी आहे, आत दुमडते. ३.०० ची ट्यूब २.७५ च्या टायरात कोंबलेली मी स्वतः पाहिली आहे.

चाक खोलण्याआधी दोन मिनिटं

दर वेळी पंक्चरच असतं असं नाही. टोपी काढा, व्हॉल्व्हच्या तोंडावर थुंकीचं किंवा साबणाच्या पाण्याचं बोट लावा. बुडबुडा फुगला तर आतली पिन सैल आहे किंवा तिच्या रबरात कचरा अडकलाय. पिन घट्ट करायची छोटी चावी कुठल्याही पंक्चरच्या दुकानात असते, पिन बदलली तरी खर्च किरकोळ. टोपी हरवलेली असेल तर आधी ती आणा. धूळ-चिखल पिनेत जाऊ न देणं हेच तिचं काम.

वाटेत चाक बसलं तर त्यावर बसून गाडी चालवू नका, अगदी दुकान समोर दिसत असलं तरी. शंभर-दोनशे मीटरमध्ये ट्यूब रिम आणि टायरमध्ये चोळामोळा होते, व्हॉल्व्ह तुटतो, आणि पॅचवर भागणारं काम नव्या ट्यूबवर जातं. टायरच्या बगलेचे दोरेही आतून मोडतात. ढकलताना फार जड जात असेल तर इंजिन चालू करून पहिल्या गियरवर क्लच हळू सोडत शेजारून चालत न्या. हवा हळूहळू जात असेल तर पंपाने भरून थेट दुकान गाठता येतं. डिकीत किंवा सीटखाली छोटा पायपंप ठेवलात तर रात्री तोच कामाला येतो.

चाक काढणं आणि ट्यूब जोडणं

घरी करायचं असेल तर डबल स्टँडवर, सपाट जागी. मागच्या चाकाला आधी ब्रेक रॉडचा नट सोडवायचा, मग ब्रेक प्लेटला धरणाऱ्या दांडीचा बोल्ट. त्याला स्प्लिट पिन असते, ती जपून ठेवा. नंतर एक्सलचा नट, आणि एक्सल ओढून बाहेर. शंभर-सव्वाशे सीसीच्या बऱ्याच गाड्यांत चेन आणि मागचं स्प्रॉकेट जागेवरच राहतं, चाक कपलिंगच्या रबरांतून एका बाजूला सरकवून निघतं. त्यामुळे चेनला हात लावायची गरज पडत नाही. एक्सलवरच्या कॉलरी कोणत्या बाजूला होत्या त्याचा मोबाईलवर फोटो काढा. रबरं झिजून चपटी झाली असतील तर ती बघायची हीच वेळ.

टायर काढताना पिन काढून हवा पूर्ण जाऊ द्या, मग पायाने दाबून टायरची कड रिमपासून सोडवा. रिमच्या मधोमध खोलगट खाच असते. लोखंडी पट्टीने व्हॉल्व्हजवळची कड उचलायची आणि त्याच वेळी समोरची कड पायाने त्या खाचेत दाबून धरायची. ही एक गोष्ट केली की टायर सहज निघतो. नाही केली तर कितीही जोर लावा, ट्यूब तरी फाटेल नाहीतर रिमची कड वाकेल. कडेला साबणाचं पाणी लावा. ग्रीस किंवा ऑइल लावू नका, रबर खराब होतं.

आता पॅच. माझ्या मते बहुतेक पॅच घाईमुळे निघतात. भोकाभोवती पॅचपेक्षा थोडी मोठी जागा कानशीने किंवा पॉलिश पेपरने घासायची, चकाकी जाऊन रबर मळकट दिसेपर्यंत. ट्यूबवर साच्याची उंच रेघ असते. भोक तिच्याजवळ असेल तर रेघ पूर्ण सपाट करा, नाहीतर तिच्याखालून बारीक पोकळी राहते आणि हवा तिथूनच वाट काढते. घासल्यावर तिथे बोट लावायचं नाही, हाताचं तेल लागतं. सोल्यूशन पातळ पसरवायचं आणि थांबायचं. चार-पाच मिनिटं, दमट हवेत जास्त. ओलसर चमक जाऊन ते कोरडं दिसलं, बोटाच्या पाठीला जेमतेम चिकटलं की तयार. ओल्या सोल्यूशनवर पॅच लावला तर त्यातला द्रव खाली कोंडतो आणि उन्हात तापल्यावर पॅच उचलतो. तोंडाने फुंकून वाळवू नका, वाफ बसते. काही ठिकाणी सोल्यूशनला काडी लावून वाळवतात. ते मला पटत नाही, वरचा थर जळतो. पॅच मधून कडेकडे दाबत लावायचा, हातोडीच्या दांड्याने दाबून घासायचा.

हॉट पॅच म्हणजे कच्च्या रबराचा तुकडा ठेवून चापात दाबून गरम करणं, त्यात तुकडा आणि ट्यूब एकजीव होतात. चांगला झाला तर ट्यूब संपेपर्यंत टिकतो. सोय असेल तर मी तोच करून घेतो, आणि चाप थंड होईपर्यंत थांबतो. मात्र एकाच वीतभर जागेत तीन पॅच झाले असतील तर ट्यूब बदला. ट्यूब घेताना ब्युटाइल रबराची मागा. साध्या रबरापेक्षा ती हवा जास्त दिवस धरते.

ट्यूब आत घालण्याआधी टायर पुन्हा एकदा आतून बघा, खडूच्या रेघेपासून भोकाची जागा मोजून. तिथलं जे काही असेल ते काढल्याशिवाय पुढे जायचं नाही. बाहेरून टायरच्या खाचांत अडकलेले खडे, काचा स्क्रू-ड्रायव्हरने काढून टाका. काही बारीक काचा आज फक्त वर बसलेल्या असतात, महिनाभराने आत पोचतात.

बसवताना ट्यूबमध्ये थोडी हवा भरा, नुसती गोल उभी राहील एवढीच. त्यामुळे घडी पडत नाही आणि पट्टीखाली चिमटत नाही. व्हॉल्व्हच्या विरुद्ध बाजूने कड चढवायला सुरुवात करा आणि शेवट व्हॉल्व्हजवळ करा. शेवटचा वीतभर भाग अवघड जातो. तिथे पट्टी लावण्याआधी व्हॉल्व्ह वर ढकलून पाहा, म्हणजे ट्यूब कडेखाली अडकलेली नाही हे कळतं. जमेल तितकं हाताच्या तळव्याने आणि टाचेने ढकला. कड चढली की दोन्ही अंगांनी गोल फिरवून बघा, टायरवरची बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसायला हवी. एकदा हवा भरून पूर्ण सोडायची आणि मग पुन्हा भरायची, त्याने आत घडी असेल तर उलगडते.

हवा किती? चेनकव्हरवर किंवा स्विंगआर्मवर स्टिकर असतो, तोच प्रमाण. माझ्या गाडीला पुढे २५ आणि मागे एकट्याला २८ पीएसआय, डबलसीट असेल तर मागे आणखी. दुकानातला काटा कुठेच सारखा नसतो, म्हणून मी स्वतःचा छोटा गेज घेतलाय. आठवड्यातून एकदा, सकाळी, चाक थंड असताना बघतो. वरची साप चावल्याची भोकं आणि व्हॉल्व्हचं फाटणं, दोन्ही प्रकार त्यानंतर माझ्या गाडीला झालेले नाहीत. नायट्रोजनबद्दल विचारतात. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. पंक्चर टाळायला त्याचा उपयोग नाही.

ट्यूबलेस असेल तर

अलॉय व्हील आणि ट्यूबलेस टायरवाल्यांना त्रास कमी, पण वारंवार हवा जाण्याचा त्रास त्यांनाही असतो. खिळा दिसला तर लगेच ओढू नका. तो स्वतःच बूच असतो, त्याच्यासकट दुकानापर्यंत जाता येतं. स्ट्रिप, म्हणजे भोकात कोंबायची चिकट रबरी दोरी, मारताना भोक साफ करायची सळई खिळा ज्या कोनात गेला होता त्याच कोनात फिरवायची असते. वेगळ्या कोनात घातली की नवीन वाट तयार होते आणि स्ट्रिप टिकत नाही. पंक्चर मधल्या नक्षीच्या भागात असेल तरच स्ट्रिपवर विश्वास ठेवा. बगलेत असेल तर टायर बदला. बगल दर फेऱ्याला दबते-उठते, तिथे कुठलीच दुरुस्ती भरवशाची नाही.

स्ट्रिप मारूनही हवा जात असेल तर अख्ख्या चाकाला साबणाचं पाणी लावून हळूहळू फिरवा. बुडबुडे टायर आणि रिमच्या सांध्यातून येत असतील तर खड्ड्याने रिमची कड वाकली आहे किंवा तिथे गंज-माती बसली आहे. टायर उतरवून कड साफ करावी लागते. व्हॉल्व्हच्या रबरी बुडाला तडे गेलेले असतात तेही तपासा, तो सुटा बदलता येतो. या सगळ्यावर उपाय म्हणून ट्यूबलेसमध्ये ट्यूब टाकून देतात. अडीअडचणीला घरी पोचायला ठीक, पण मग खिळा लागल्यावर हवा हळू जाण्याचा ट्यूबलेसचा मोठा फायदा जातो.

टायर कधी बदलायचा

टायरच्या बगलेवर छोटा त्रिकोण असतो, त्याच्या समोर खाचेच्या तळाशी रबराचा उंचवटा. नक्षी झिजून त्या उंचवट्याला टेकली की टायर संपला. माझा टायर त्या वेळी उंचवट्याच्या अगदी जवळ आला होता, हेही पाच पंक्चरांचं एक कारण. रबर पातळ झालं की जो काटा नव्या टायरात अर्ध्यात अडकतो तो थेट ट्यूबपर्यंत पोचतो. आतून दोरे तुटलेले दिसले, बगलेला फुगवटा किंवा तडे आले, तर नक्षी शिल्लक असली तरी बदला. अशा टायरात आतून जाड तुकडा टाकून देतात, गेटर. त्याची कड पुन्हा ट्यूब घासते. घरी पोचायला वापरा, त्यावर महिने काढू नका.

नवीन घेताना बगलेवरचे चार आकडे वाचा. २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला आहे. दुकानात पडून जुना झालेला टायर नवा म्हणून घेऊ नका. माप गाडीला दिलं असेल तेच. ४२पी असं लिहिलेलं असेल तर त्यातला ४२ म्हणजे १५० किलोपर्यंत भार आणि पी म्हणजे ताशी १५० किलोमीटरपर्यंत वेग. मूळ टायरपेक्षा कमी भाराचा घेऊ नका, आपल्याकडे गाडीवर काय काय लादलं जातं ते आपल्याला माहीत आहे. फिरण्याच्या दिशेचा बाण बघून बसवा. पिवळा ठिपका असेल तर तो व्हॉल्व्हसमोर ठेवा. नव्या टायरबरोबर ट्यूब आणि रिम टेपही नवीन टाका, तिथे वाचवलेले पैसे टिकत नाहीत. पहिले शंभरेक किलोमीटर वळणांवर सांभाळून चालवा, नव्या रबराचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो.

चाक बसवल्यावर, घरी बसवलं असो की दुकानात, निघण्याआधी मी खाली बसून चार ठिकाणी हात लावतो. एक्सलचा नट आवळलाय का. चेनचा ताण दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवून आहे का. ब्रेकचं पेडल पूर्वीइतकंच दबून लागतंय का आणि चाक मोकळं फिरतंय का. आणि ब्रेक प्लेटच्या दांडीचा बोल्ट आणि त्यातली स्प्लिट पिन. चौथ्या पंक्चरनंतर ही पिन माझ्या गाडीला नव्हती, नट बोटाने फिरत होता. तो बोल्ट पडला असता तर ब्रेक मारल्याबरोबर अख्खी प्लेट चाकाबरोबर फिरून चाक जाम झालं असतं. चाचांनी खोक्यातून नवीन पिन काढून लावली, तिची दोन्ही टोकं पकडीने मुडपली आणि तिथे माझं बोट धरून मला ती चाचपायला लावली.